नाटक-चित्रपटांतील मद्यपी : हसावे की झाकावे?

दिवाळीनंतर धानाची कापणी आटोपू लागली की वैनगंगेकाठच्या गोसीखुर्द परिसरात, तसेच संपूर्ण झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू होतात. त्यानिमित्त गावोगावी रात्रभर नाटके रंगतात. त्यांत झोकांड्या खात रंगमंचावर येणारा दारुडा हमखास हशा मिळवतो. आबालवृद्धांसह आपणही हसतो. मात्र या हास्याचा श्रद्धावंतांनी थोडा विचार करावा, असे आम्हांस वाटते.

हा विषय बायबलइतकाच जुना आहे. उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात द्राक्षमळा लावणारा नोहा मद्य पिऊन आपल्या तंबूत विवस्त्र पडतो. हाम पित्याची ती अवस्था पाहतो आणि बाहेर जाऊन भावांना सांगतो. शेम व याफेथ मात्र पाठमोरे चालत जाऊन पित्यावर वस्त्र घालतात. मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ या काळात व्हॅटिकनमधील सिस्टाईन चॅपेलच्या छतावर हा प्रसंग रंगविला. पाप झाकले नाही, पण पाप्याची थट्टाही केली नाही, हे त्या चित्राचे वैशिष्ट्य होय.

मराठी रंगभूमीवर या विषयाचे सर्वांत प्रभावी दर्शन राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकात घडते. गडकरींचे २३ जानेवारी १९१९ रोजी विदर्भातच, नागपूर जिल्ह्यातील सावनेर येथे निधन झाले. त्यानंतर त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगमंचावर आणले व बालगंधर्वांनी सिंधूची भूमिका अजरामर केली. सुधाकर हा बुद्धिमान व मानी वकील. अपमानाचे दुःख विसरण्यासाठी तो पहिला पेला घेतो. तळीराम आणि त्याचे ‘आर्यमदिरामंडळ’ प्रेक्षकांना पोट धरून हसवतात. परंतु गडकरी तेथेच थांबत नाहीत. दळण दळून संसार चालविणारी सिंधू ते आपल्याला दाखवतात. अखेरीस तिचा व तान्ह्या बाळाचा बळी जातो. पिणारा एक, पण किंमत मोजणारे घर, हे सत्य या नाटकाने मांडले.

हिंदी चित्रपटांनी बहुधा सोपा मार्ग पत्करला. पडद्यावर मद्यपी रंगविण्यात नावाजलेले जॉनी वॉकर प्रत्यक्षात मद्याला शिवतही नसत. ‘बॉबी’ (१९७३) मधील जॅक ब्रगांझा आणि ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधील दारूचा गुत्ता चालविणारा अँथनी ही दोन्ही पात्रे आपल्या समाजातील. ती प्रेमळ आहेत, हे खरे; परंतु ख्रिस्ती माणूस म्हणजे बाटली, असा समज अशा चित्रणाने दृढ झाला. त्याबद्दल खंत वाटावी हे स्वाभाविक आहे. तथापि, आपल्या लग्नसमारंभांत आपण कोणते चित्र उभे करतो, हेही तपासावयास हवे.

ख्रिस्तसभा मद्याला मुळातच पाप मानत नाही. काना येथील विवाहात प्रभू येशूने पाण्याचा द्राक्षारस केला. परंतु संत पौल इफिसकरांस मद्याने मस्त न होता आत्म्याने परिपूर्ण होण्यास सांगतो. धर्मशिक्षण ग्रंथाचा परिच्छेद २२९० संयमाचा सद्गुण शिकवतो. नशेत वाहन चालवून इतरांचे प्राण धोक्यात घालणे हा गंभीर दोष असल्याचेही तो बजावतो.

व्यसन हा आजारही आहे. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या चळवळीत व्यसनमुक्त झालेलेच व्यसनग्रस्तांना हात देतात. पुण्यात १९८६ पासून ‘मुक्तांगण’ हेच कार्य करीत आहे. शेम व याफेथ यांचे वस्त्र ते हेच. झाकणे म्हणजे लपविणे नव्हे. प्रतिष्ठेसाठी मौन पाळणारे कुटुंब सिंधूला अधिकच एकाकी करते.

म्हणून यंदाच्या मंडईत रंगमंचावरच्या दारुड्याला अवश्य हसावे. मात्र आपल्या धर्मग्रामात अशी एखादी सिंधू जात्याशी बसली असेल, तर तिच्या दारी जावे, तिचे ऐकून घ्यावे आणि त्या घराला उपचारापर्यंत सोबत करावी. प्रभू आपल्याकडून हीच अपेक्षा करतो.