लोखंडी सांगाड्याचे हॉटेल

सटाण्याहून मुंबईस जाणारा माणूस बहुधा कामापुरताच जातो. कोर्टाची तारीख असते, मंत्रालयात अडकलेला कागद असतो. युनियनच्या निमित्ताने आमचेही तसेच होई. बोरीबंदरला उतरायचे, हुतात्मा चौकावरून काळ्या घोड्याकडे चालत जायचे, वकिलांना भेटायचे आणि रात्रीची गाडी धरायची. ज्या जुनाट इमारतीचे जिने आम्ही कागदांची पिशवी घेऊन चढलो-उतरलो, ती एके काळी मुंबईतले बडे हॉटेल होती, हे आम्हांस फार उशिरा कळले. तिचे नाव एस्प्लनेड मॅन्शन. पूर्वीचे वॉटसन हॉटेल.

हे हॉटेल १८७१ साली सुरू झाले. त्याच सुमाराच्या दुष्काळात आपल्या सटाण्यात देवमामलेदारांनी सरकारी खजिना उपाशी रयतेसाठी मोकळा केला, असे आपण ऐकत आलो आहोत. एकाच राज्यातली ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहावीत.

इमारतीची खरी नवलाई तिच्या हाडांत आहे. बागलाणातले जुने धाब्याचे घर आठवा. तेथे भार खांब आणि तुळया घेतात. भिंत पडली तरी धाबे उभे राहते. वॉटसनमध्ये तेच काम ओतीव लोखंडाने केले. आराखडा ऑर्डिश नावाच्या इंग्रज इंजिनियरचा. सुटे भाग इंग्लंडात डर्बीच्या कारखान्यात ओतले, जहाजाने मुंबईस आणले आणि येथे जोडले. मालकाचे नाव इमारतीला लागले, इंजिनियरचे पुस्तकांत राहिले. जहाजावरून ते लोखंड उतरवून माथ्यावर चढवणारे कोण, हे मात्र कोठे वाचावयास मिळत नाही.

हॉटेल गोऱ्यांसाठी होते. जमशेटजी टाटांना येथे दारातून परत पाठविले, म्हणून त्यांनी १९०३ साली ताजमहाल हॉटेल उघडले, ही गोष्ट मोठ्या चवीने सांगतात. ती गोष्ट म्हणूनच ऐकावी. ७ जुलै १८९६ रोजी मात्र याच ठिकाणी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे हिंदुस्थानात प्रथम दिसली, ही नोंदलेली हकिकत आहे. तिकीट एक रुपया. गिरणीतल्या माणसाची एक-दोन दिवसांची मजुरी त्यात सहज जाई. त्या सहा चित्रांपैकी एकात कारखाना सुटल्यावर बाहेर पडणारे कामगार होते. म्हणजे पडद्यावर कामगार आणि खुर्चीत साहेब! आपल्या जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ त्यानंतर १७ वर्षांनी आला.

त्याच ओळीत डेव्हिड ससून वाचनालय आहे. आम्हांस या सबंध परिसरात तेच अधिक जवळचे वाटते, कारण त्याचे मूळ १८४७ साली टांकसाळीतल्या आणि गोदीतल्या कारागिरांनी स्वतःच्या शिक्षणासाठी काढलेल्या संस्थेत आहे. जवळच प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर. काळ्या घोड्यावरचा राजपुत्राचा पुतळा १९६५ साली हलविला. २०१७ साली नवा घोडा आला, तो स्वाराविना. हुतात्मा चौकात तर हातात मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार आहेत. तेथे आम्ही क्षणभर थांबतोच.

हॉटेल पुढे बंद पडले. दालनांत फळ्या ठोकून लहान खोल्या झाल्या, सज्जे बंदिस्त झाले. वकील, टंकलेखक, दुकानदार येऊन बसले. भाडे कायद्याने बांधलेले, म्हणून मालकाला खर्च परवडेना. वास्तू आपली नाही, म्हणून भाडेकरू हात लावीना. भाडे नियंत्रणाने गरिबांचे छप्पर राखले, त्याविरुद्ध आम्ही बोलणार नाही. पण दुरुस्तीचा खर्च कोणाच्या नावावर, हे ठरविल्यावाचून सोडले की असे होते. पावसाचे पाणी लोखंडाच्या सांध्यांत मुरत राहिले. २००५ साली सज्जाचा भाग कोसळून एक माणूस गेला. २०१९ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर इमारत रिकामी करण्यात आली. पाडावी असा एका अहवालाचा सल्ला होता. वारसा जपणाऱ्या तज्ज्ञांनी दुरुस्ती शक्य असल्याचे सांगितले. आमचे मत दुसऱ्या बाजूस झुकते. जे सुटे भाग आणून जोडले, त्यातला गंजलेला भाग काढून नवा बसविणे कठीण असेल, अशक्य नाही. आपल्याकडेही तुळई किडली तर आधी टेकू देतात, तुळई बदलतात. घर पाडायला कोणी धावत नाही.