बर्फात खेळल्याने सर्दी होत नाही

न्यू जर्सीतल्या एडिसनसारख्या गावात जानेवारीतली एखादी सकाळ शाळेच्या मेसेजने उजाडते. रात्रभर बर्फ पडलाय, शाळेला सुट्टी. मुलं खिडकीला नाक लावून उभी असतात, स्नोसूट शोधायची घाई चाललेली असते आणि तेवढ्यात पुण्याहून आजीचा व्हिडिओ कॉल येतो. "अगं, पोरांना बाहेर सोडू नकोस हं. सर्दी होईल."

मग मुलं दिवसभर घरात. हीटर चालू, खिडक्या बंद, शेजारची दोन मुलंही खेळायला आलेली. दर हिवाळ्यात घरोघरी हेच चालतं. मुलांची हक्काची मजा तर जातेच, पण ज्या सर्दीच्या भीतीने त्यांना कोंडलं, ती पसरायला याहून सोयीची जागा नाही.

सर्दी विषाणूंमुळे होते. असे दोनशेहून अधिक विषाणू माहीत आहेत आणि त्यांत रायनोव्हायरस सर्वांत जास्त आढळतो. तो माणसाकडून माणसाकडे जातो, आभाळातून बर्फाबरोबर पडत नाही. गारठ्याने सर्दी होते का, ही शंका शास्त्रज्ञांनाही होतीच, म्हणून त्यांनी ती तपासली. इंग्लंडमधल्या सॅलिसबरीला 1946 मध्ये खास सर्दीच्या अभ्यासासाठी केंद्र सुरू झालं. तिथे स्वयंसेवकांना गरम पाण्याने आंघोळ घालून ओल्या अंगाने गार वाऱ्यात उभं केलं, ओले मोजे घालून बसवलं. नुसत्या गारठ्याने सर्दी झाल्याचं दिसलं नाही. पुढे 1968 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात लोकांच्या नाकात रायनोव्हायरस सोडून काहींना थंडीत ठेवलं होतं. थंडीतल्यांना सर्दी जास्त झाली नाही.

मग आजीला दिसतं ते काय? मूल बाहेरून आलं की त्याचं नाक वाहत असतं, हे खरंच आहे. गार, कोरडी हवा फुप्फुसात जाण्याआधी नाक ती गरम आणि ओलसर करतं, त्यासाठी जास्त पाणी सोडतं. घरात आल्यावर थोड्या वेळात ते थांबतं. ही सर्दी नव्हे. आणि दुसऱ्या दिवशी खरीच सर्दी झाली, तरी विषाणू शिरल्यापासून लक्षणं दिसायला साधारण एक ते तीन दिवस लागतात. म्हणजे तो बहुधा आधीच डे-केअरमध्ये मिळालेला असतो. लहान मुलांना वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होतेच. त्यातली एखादी बर्फाच्या दुसऱ्या दिवशी आली की दोष बर्फावर.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. वेल्समधल्या कार्डिफला 2005 मध्ये 180 जणांवर प्रयोग झाला. निम्म्यांनी 20 मिनिटं गार पाण्यात पाय बुडवले, निम्म्यांनी रिकाम्या टबात ठेवले. पुढच्या चार-पाच दिवसांत पहिल्या गटातल्या 26 जणांनी सर्दीची लक्षणं सांगितली, दुसऱ्या गटातल्या फक्त आठांनी. नाकात आधीच दडलेला विषाणू गारठ्याने डोकं वर काढत असावा, असा त्या संशोधकांचा अंदाज होता. लोकांची विषाणू-चाचणी मात्र झालेली नव्हती. यातून घ्यायचं ते इतकंच: मोजे ओले झाले की लगेच बदला. मुलांना कोंडून ठेवा, असा त्याचा अर्थ होत नाही. फिनलंडमध्ये तर तान्ही बाळं हिवाळ्यात बाबागाडीत, नीट गुंडाळून, घराबाहेर दुपारची झोप काढतात आणि आईवडिलांना त्यात काही वावगं वाटत नाही.

काळजी करायचीच तर ती ओल, वारा आणि वेळेची करावी. सुती कपडे भिजले की ऊब टिकवत नाहीत. आत थर्मल, मध्ये लोकर किंवा फ्लीस, वर पाणी न शिरणारं जॅकेट. मोठ्यांना जेवढे थर लागतात, त्याहून एक जास्त. दर वीस-तीस मिनिटांनी आत बोलावून बोटं, कान, नाकाचा शेंडा पाहावा. बोट बधिर किंवा कडक लागलं, तर ते हिमदंशाचं लक्षण असू शकतं. तिथे चोळू नये, बर्फ तर मुळीच लावू नये, त्याने कातडीला आणखी इजा होते. कोमट पाण्यात हात धरून लगेच डॉक्टरांना फोन करावा.

शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते, हेही खोटं. मोठ्यांचं डोकं शरीराच्या पृष्ठभागाच्या जेमतेम दहावा हिस्सा असतं आणि उष्णताही साधारण त्याच प्रमाणात जाते. बाळाचं डोकं मात्र अंगाच्या मानाने बरंच मोठं असतं, त्यामुळे आजीची कानटोपी योग्यच आहे.

चमचाभर ब्रँडीने ऊब येते? त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून तसं वाटतं, पण आतली उष्णता उलट बाहेर जाते. लहान मुलाच्या रक्तातली साखरही त्याने धोकादायक घसरू शकते. एक थेंबही नको.

थंडीत ऊन लागत नाही? ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो. गालांना सनस्क्रीन लावाच.

जाड पफर जॅकेट घालूनच कार सीटमध्ये बसवलं की मूल सुरक्षित? अपघातात जॅकेट दबतं आणि पट्टा सैल पडतो. आधी जॅकेट काढून पट्टा घट्ट करावा, मग वरून पांघरूण घालावं.

आणि ज्याची भीती कोणीच घालत नाही, ते सर्वांत भयंकर आहे. जानेवारी 2016 च्या हिमवादळात न्यू जर्सीतल्याच पसेइक शहरात वडील गाडीभोवतालचा बर्फ उपसत होते. आई आणि दोन लहान मुलं उबेसाठी चालू गाडीत बसली होती. सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलेलं होतं. कार्बन मोनॉक्साइड आत साचला. आई आणि बाळ त्याच दिवशी गेले, मुलगी काही दिवसांनी. या वायूला रंग नाही, वासही नाही. म्हणून गाडी सुरू करण्याआधी मागे जाऊन सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढायचा, तोवर मुलांना घरातच थांबवायचं. गॅरेजचं दार उघडं असलं तरी आत गाडी किंवा जनरेटर चालू ठेवायचा नाही.