दिवा आपल्या दारी, राख कुणाच्या अंगणी?

वाचकहो, खमीस मुशैतमध्ये वीज गेली तर ती गल्लीत बातमी होते. समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार मीटर उंचीवर असल्यामुळे रियाध-दम्मामकरांसारखा एसी आपल्याला दिवसरात्र लागत नाही, उलट डिसेंबरात हीटर लागतो. पण बटण दाबले की दिवा लागतो, ही खात्री आपल्या मुलांना जन्मापासून आहे. आपल्यापैकी बहुतेकांना ती नव्हती. २००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्रात भारनियमन काय होते, ते आठवा. एम. ए.चा अभ्यास मी मेणबत्तीवर केला आहे आणि शाळेत शिकवताना 'वीज नव्हती म्हणून गृहपाठ झाला नाही' हे कारण मुकाट्याने मान्यही केले आहे. म्हणून विजेचा प्रकल्प म्हटला की माझे मन आधी त्याच्या बाजूने झुकते.

असे असूनही कच्छच्या मच्छीमारांची गोष्ट मला आपल्या दिवाळी अंकात सांगावीशी वाटते, कारण तिचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे.

गुजरातेत मुंद्रा येथे टाटा समूहाच्या कंपनीने सुमारे ४००० मेगावॅटचा कोळशावरचा प्रकल्प उभारला. त्याची वीज पाच राज्यांनी वाटून घ्यायची ठरली. त्यातला महाराष्ट्राचा वाटा ७६० मेगावॅट, म्हणजे विकायच्या विजेपैकी साधारण पाचवा हिस्सा. कोळसा इंडोनेशियातून जहाजाने येणार होता. भांडवलासाठी जागतिक बँक समूहातल्या इंटरनॅशनल फायनान्स कॉर्पोरेशनने, म्हणजे आयएफसीने, २००८ मध्ये ४५ कोटी डॉलरचे कर्ज दिले. आशियाई विकास बँकेनेही तेवढ्याच रकमेचे कर्ज मंजूर केले. भारतीय बँकाही त्यात होत्या.

त्या किनाऱ्यावर मच्छीमार कुटुंबे वर्षाचे आठ-नऊ महिने वस्ती करून राहतात. या हंगामी वस्त्यांना तिकडे 'बंदर' म्हणतात. होड्या नसलेले काही जण भरती-ओहोटीचा अंदाज घेत चालत जाऊन जाळी लावतात. त्यांना पगडिया म्हणतात. प्रकल्पाच्या थंडाव्यासाठी समुद्राचे पाणी घेऊन ते गरम झाल्यावर परत सोडले जाते. त्यामुळे किनाऱ्याजवळची मासळी घटली, वाळत घातलेल्या मासळीवर कोळशाची धूळ आणि राख बसू लागली, गोडे पाणी खारट झाले, अशा तक्रारी या लोकांनी केल्या. कंपनीने हे आरोप नाकारले.

इथपर्यंतची कथा आपल्याकडच्या कितीतरी प्रकल्पांची आहे. वेगळेपण पुढे आहे. या मच्छीमारांनी 'कर्ज देणाराही जबाबदार आहे' असे म्हणायचे ठरवले. २०११ मध्ये त्यांच्या संघटनेने आयएफसीच्याच तक्रार निवारण कार्यालयाकडे दाद मागितली. २०१३ मध्ये त्या कार्यालयाचा अहवाल आला. मच्छीमारांवरचे परिणाम नीट तपासले गेले नाहीत आणि देखरेख कमी पडली, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. तरी किनाऱ्यावर फारसे काही बदलले नाही, म्हणून २०१५ मध्ये बुधा इस्माईल जाम आणि इतरांनी थेट वॉशिंग्टनच्या न्यायालयात आयएफसीवर दावा लावला. दावेदारांत नवीनाळ गावची पंचायतही होती.

आयएफसीचे उत्तर होते, की १९४५ च्या अमेरिकी कायद्यानुसार आंतरराष्ट्रीय संस्थांवर खटलाच भरता येत नाही. खालच्या दोन न्यायालयांनी ते मानले. पण २७ फेब्रुवारी २०१९ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध एक मतांनी निकाल दिला, की या संस्थांना परदेशी सरकारांना मिळते तेवढेच संरक्षण आहे, त्याहून जास्त नाही. सरकारांना व्यापारी व्यवहारांच्या बाबतीत पूर्ण संरक्षण नसते. कच्छच्या वाळूतून निघालेली तक्रार कुठवर पोचली पाहा!

शेवट मात्र गोड झाला नाही. खटला पुन्हा खाली आला तेव्हा २०२० मध्ये न्यायालय म्हणाले, की तक्रारीचा गाभा भारतात घडलेल्या गोष्टींत आहे, अमेरिकेत नाही. २०२१ मध्ये अपिली न्यायालयाने ते कायम केले आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सुनावणी घेण्यास नकार दिला. तत्त्व जिंकले, पण माणसांच्या हाती भरपाई पडली नाही.

आणि ज्या स्वस्त विजेसाठी हे सारे झाले, तिचे काय? युनिटला सुमारे २ रुपये २६ पैसे या दराने प्रकल्प मिळवला होता. २०१० मध्ये इंडोनेशियाने कोळशाच्या दराचे नियम बदलले आणि गणित कोलमडले. वाढीव दर मिळावा ही मागणी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये फेटाळली. त्याच वर्षी कंपनीने प्रकल्पातला ५१ टक्के हिस्सा अवघ्या एक रुपयाला वीज घेणाऱ्या राज्यांना देऊ केला होता. गरिबांसाठी स्वस्त वीज हा कर्ज देतानाचा मुख्य मुद्दा होता, हे इथे लक्षात ठेवायला हवे.

यावर हमखास येणारा प्रश्न मला आपल्या हळदीकुंकवातच एका काकूंनी विचारला. "अगं, युरोप-अमेरिकेने दोनशे वर्षे कोळसा जाळला. आता आपली पाळी आली तर लगेच कर्ज बंद? मग आपल्या गावांनी अंधारात बसायचे का?"

काकूंचा प्रश्न बिनतोड आहे. जागतिक बँकेने २०१३ मध्ये नव्या कोळसा प्रकल्पांना अगदी अपवादानेच पैसे देण्याचे धोरण घेतले, तेव्हा अनेक गरीब देशांची भावना हीच होती. दक्षिण आफ्रिकेच्या मेडुपी प्रकल्पाला २०१० मध्ये त्याच बँकेने ३७५ कोटी डॉलरचे कर्ज दिले, तेव्हा त्या देशातच दोन तट होते. पण मुंद्र्याच्या मच्छीमारांचे म्हणणे वेगळे आहे. 'नियम तुम्हीच केलेत, ते पाळले गेले नाहीत, तर आम्ही कुणाकडे जायचे?' एवढेच ते विचारतात. त्याचे उत्तर 'युरोपनेही जाळला' हे होऊ शकत नाही.

आपल्या डहाणूचे उदाहरण घ्या. तिथल्या ५०० मेगावॅटच्या औष्णिक केंद्राला बागायतदार आणि पर्यावरणप्रेमींनी विरोध केला. केंद्र थांबले नाही. पण १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. त्याने वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यावर धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसली. वीजही मिळाली आणि चिकूच्या बागांचे म्हणणे ऐकणारे कुणीतरी जवळ होते. मुंद्र्यात ते 'कुणीतरी' शोधत लोकांना वॉशिंग्टन गाठावे लागले.

आता आरशाची दुसरी बाजू. बांगलादेशात सुंदरबनाजवळ रामपाल येथे १३२० मेगावॅटचा कोळसा प्रकल्प झाला. त्यात आपली एनटीपीसी निम्म्याची भागीदार आणि १६० कोटी डॉलरचे कर्ज आपल्या एक्झिम बँकेचे. २०१३ मध्ये तिथल्या लोकांनी ढाक्याहून रामपालपर्यंत मोठी पदयात्रा काढली. युनेस्कोने प्रकल्प दुसरीकडे हलवण्याची शिफारस केली. तरी तो झाला. कोपऱ्यावरच्या बकाल्यातला बांगलादेशी भाऊ खुलना भागातला आहे. त्याच्या दृष्टीने परदेशी सावकार म्हणजे आपण!

इकडे आखातातही असेच. दुबईचा हसियान प्रकल्प सौदी कंपनी अक्वा पॉवर आणि चिनी बँकांच्या पैशातून कोळशासाठी उभा राहिला, पण २०२२ मध्ये तो गॅसवर नेण्याचे जाहीर झाले. म्हणजे उभारलेल्या प्रकल्पाचेही इंधन बदलता येते.

आपण परदेशी राहणारी माणसे. दर महिन्याला पगार झाला की गावी पैसे पाठवतो, एनआरई ठेवी करतो, म्युच्युअल फंड घेतो. व्याजाचा दर आपण चार ठिकाणी विचारतो. त्याच फोनवर आणखी एक प्रश्न विचारायला काय हरकत आहे? 'माझ्या ठेवीतून तुम्ही कशाला कर्ज देता, आणि त्या प्रकल्पाशेजारच्या माणसाने तक्रार केली तर ती कोण ऐकतो?' उत्तर लगेच मिळणार नाही. पण गिऱ्हाइकाने सतत विचारलेला प्रश्न बँकेला टाळता येत नाही, हा व्यवहार आपल्याला ठाऊक आहे.

सर्वांना प्रकाशाची दिवाळी लाभो, किनाऱ्यावर जाळी सुकवत बसलेल्यांनाही!