शेवटी उरणारं मूल

पीटीचा तास सगळ्याच मुलांना आवडतो, असा आपला समज असतो. पण त्याच तासाला काही मुलांचं पोट दुखतं, बूट घरी राहतात. हा आळस नव्हे. दोन कप्तान एकेकाचं नाव घेऊन गट पाडणार आणि आपण शेवटी उरणार, हे त्यांना आधीच ठाऊक असतं.

गणितात चुकलेलं मूल वही झाकू शकतं. मैदानावर शरीर झाकता येत नाही. ‘जाड्या’, ‘काडी’ हे शब्द थेट अंगाला चिकटतात. ‘मला धावता येत नाही’पासून ‘माझं शरीरच चांगलं नाही’पर्यंत पोहोचायला मुलांना वेळ लागत नाही.

केनेथ फॉक्स आणि चार्ल्स कॉर्बिन यांनी १९८९ मध्ये शारीरिक आत्मप्रतिमा मोजणारी प्रश्नावली मांडली. खेळातलं कौशल्य, दमसास, ताकद आणि शरीराचं रूप असे तिचे चार भाग आहेत. स्वतःच्या शरीराविषयीचा एकूण आदर यांच्याशी जोडलेला असतो. म्हणजे मूल आपलं शरीर आरशात पाहतं, तसंच मैदानावरही पाहतं.

शिक्षणतज्ज्ञ कॅरोल एम्स यांनी वर्गातल्या दोन वातावरणांतला फरक दाखवला. एकात ‘पहिला कोण’ यालाच मोल; दुसऱ्यात मेहनतीला आणि प्रगतीला. क्रीडा-अभ्यासकांनी हा विचार मैदानावर तपासला. दुसऱ्या वातावरणात मुलांना खेळाचा आनंद आणि ‘मला जमतं’ हा विश्वास अधिक मिळतो, असं पुन्हा पुन्हा दिसलं.

याचा अर्थ स्पर्धा बंद करा, असा नाही. सामना आहे तिथे हार-जीत असणारच. पण रोजच्या तासाला गट चिठ्ठ्या टाकून पाडता येतात. लांब उडीची नोंद प्रत्येकाने आपल्या वहीत ठेवावी आणि ती स्वतःच्याच मागच्या उडीशी ताडून पाहावी. चूक सांगायची ती जवळ बोलावून, हळू आवाजात.

बारा-तेरा वर्षांच्या मुली अनेकदा खेळातून हळूच मागे सरतात. शरीर बदलत असतं, नजरा जाणवतात. त्यांना मोकळेपणाने धावता येईल असा अंगभर पोशाख आणि चिडवणाऱ्यांना वेळीच आवर, एवढं तरी शाळेने द्यायला हवं.

बाकीचं काम अम्मी-अब्बांचं. दस्तरखानावर मुलीच्या वजनाची चर्चा नको. ‘कितवी आलीस?’ याऐवजी विचारा, ‘खो-खोत आज किती वेळ टिकलीस?’ कालपेक्षा दहा सेकंद जास्त टिकली असेल, तर ते ती आपणहून सांगेल.