गाडी, गाणे आणि एक कानसेन

नवी गाडी दारात उभी राहिली, की घरातील वडीलधारी माणसे तिच्यावर स्वस्तिक काढतात, नारळ वाढवतात. मुले मात्र पुढच्या आसनावर बसून सर्वप्रथम एखादे गाणे लावतात. इंजिनाच्या शक्तीची चौकशी नंतर होते, आधी स्पीकरची परीक्षा होते. उत्तम मोटार आणि उत्तम ध्वनियंत्रणा या दोन आवडी एकाच माणसाच्या ठायी वारंवार आढळतात. त्यामागे एक समान अपेक्षा आहे : यंत्राने आपले अस्तित्व विसरायला लावावे. चांगली गाडी रस्त्याचे खड्डे जाणवू देत नाही. चांगला स्पीकर स्वतः बाजूला होतो आणि गायक समोर बसला आहे असा भास निर्माण करतो.

या दोन्ही अपेक्षांचा पाठपुरावा ज्याने आयुष्यभर केला, तो संशोधक म्हणजे डॉ. अमर गोपाल बोस. त्यांच्या आडनावाची मुद्रा आज असंख्य गाड्यांतील स्पीकरच्या जाळीवर दिसते; परंतु त्या नावामागचा माणूस आपल्या घरांत फारसा परिचित नाही.

बंद पडलेला व्यापार

अमर यांचे वडील नोनी गोपाल बोस हे बंगालमधील स्वातंत्र्यलढ्याचे कार्यकर्ते. त्यांनी तुरुंगवास भोगला होता. पुन्हा अटक होण्याची चिन्हे दिसताच १९२० मध्ये त्यांनी कलकत्ता सोडून अमेरिका गाठली. तेथे एका अमेरिकन शिक्षिकेशी त्यांचा विवाह झाला. ती बाई शाकाहारी होती आणि वेदान्ताची अभ्यासक होती. २ नोव्हेंबर १९२९ रोजी फिलाडेल्फिया येथे अमर यांचा जन्म झाला. कातडीच्या रंगामुळे उपाहारगृहात आपल्या कुटुंबाला वाढले जात नसे, ही बालपणीची आठवण त्यांनी पुढे सांगितली आहे.

नोनी गोपाल भारतातून माल आणून अमेरिकेत विकत. दुसरे महायुद्ध पेटले, जहाजे अडली आणि आयातीचा धंदा बसला. व्यापारी घराला अशा दिवसांचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. माल येत नाही, गिऱ्हाईक थांबत नाही आणि घरखर्च मात्र चालूच राहतो. त्या वेळी अमर तेरा वर्षांचे होते. खेळण्यातील आगगाड्या आणि घरगुती रेडिओ दुरुस्त करण्याचे काम त्यांनी घरातच सुरू केले आणि शाळेतील मित्रांना हाताशी घेतले. या मिळकतीचा घराला आधार झाला. विजेच्या तारांशी त्यांची मैत्री जडली ती अशा गरजेतून.

कागदावरचे आकडे आणि कानाची साक्ष

पुढे त्यांनी मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे एमआयटीमध्ये, प्रवेश मिळवला आणि विद्युत अभियांत्रिकीत डॉक्टरेट संपादन केली. १९५६ मध्ये, तो अभ्यास पूर्ण होण्याच्या सुमारास, त्यांनी स्वतःसाठी एक भारी किमतीची स्टीरिओ यंत्रणा विकत घेतली. लहानपणी ते व्हायोलिन शिकले होते. खरे वाद्य कसे वाजते हे त्यांच्या कानाला ठाऊक होते. माहितीपत्रकातील आकडे वाचून त्यांनी यंत्रणा निवडली. घरी आणून लावली आणि त्यांची निराशा झाली. आकडे उत्तम होते, पण वाद्य खरे वाटत नव्हते.

दुसरा एखादा ग्राहक दुकानदाराशी भांडला असता किंवा त्याहून महाग यंत्रणा घेऊन आला असता. बोस यांनी प्रश्न विचारला : मोजमाप बरोबर असूनही कान नाही का म्हणतो? या प्रश्नाने त्यांना ध्वनिशास्त्राकडे वळवले. संगीतसभागृहात श्रोत्यापर्यंत पोहोचणाऱ्या ध्वनीचा मोठा भाग थेट रंगमंचावरून येत नाही. तो भिंती आणि छतावर आदळून, परावर्तित होऊन येतो. घरातील स्पीकर मात्र सारा ध्वनी श्रोत्याच्या अंगावर थेट फेकत होता.

१९६४ मध्ये त्यांनी कंपनी स्थापन केली. त्यांचे मार्गदर्शक प्राध्यापक वाय. डब्ल्यू. ली यांनी आपली जन्मभराची पुंजी त्यात गुंतवली. पहिला स्पीकर बाजारात चालला नाही. १९६८ मध्ये '९०१' हा स्पीकर आला. त्यात नऊ ध्वनिचक्त्या होत्या. एकच श्रोत्याकडे तोंड करून होती, उरलेल्या आठ मागच्या भिंतीकडे. हा स्पीकर खपला आणि कंपनी स्थिरावली.

तो सर्वांना पटला असे मात्र नाही. अमेरिकेतील एका ग्राहक नियतकालिकाने १९७० मध्ये लिहिले, की या स्पीकरमधून वाद्यांचे आवाज खोलीभर भटकल्यासारखे वाटतात. कंपनी न्यायालयात गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि १९८४ मध्ये निकाल कंपनीच्या विरुद्ध लागला. कानाच्या साक्षीवर उभा राहिलेला हा उद्योग दुसऱ्याच्या कानाची साक्ष खोडून काढू शकला नाही. जाणकार रसिकांमध्ये हा वाद आजही संपलेला नाही.

चाकांवरची खोली

मोटारीत संगीत आणण्याची हौस याहून जुनी. १९३० मध्ये पॉल गॅल्विन यांनी आपल्या स्टुडबेकर गाडीत रेडिओ बसवला आणि अटलांटिक सिटी येथील रेडिओ उत्पादकांच्या संमेलनाबाहेर ती गाडी उभी करून येणाऱ्या-जाणाऱ्यांना तो ऐकवला. या रेडिओसाठी त्यांनी जोडून घेतलेले 'मोटोरोला' हे नाव पुढे त्यांच्या कंपनीचेच नाव झाले. १९५६ च्या सुमारास क्रायस्लर कंपनीने तर गाडीत तबकडी वाजवणारे यंत्रही दिले. धक्क्यांनी सुई उडू नये यासाठी बरीच युक्ती लढवूनही तो प्रयोग फार काळ टिकला नाही. मग टेप आली, कॅसेट आली. तथापि या साऱ्यांत एक गोष्ट समान होती : गाडी आधी तयार होई आणि उरलेल्या जागेत स्पीकर बसवला जाई.

गाडीची आतली जागा ध्वनीसाठी मोठी अवघड. काचा ध्वनी परत फेकतात, आसनांचे कापड तो शोषून घेते आणि चाकांची घरघर मंद्र स्वर गिळून टाकते. शिवाय कोणीही मधोमध बसलेले नसते. आपल्याकडे चालक उजव्या दाराच्या स्पीकरला चिकटून बसतो आणि डावा स्पीकर त्याच्यापासून दूर राहतो. ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर अंतर कापतो. एक मीटरचा फरक म्हणजे सेकंदाच्या हजार भागांपैकी जेमतेम तीन भागांचा उशीर. एवढ्यानेही कान फसतो आणि सारे गाणे जवळच्या दाराकडे ओढले गेल्यासारखे वाटते.

बोस यांनी या अडचणीतच सोय पाहिली. घरातील दिवाणखाना कसा असेल, हे स्पीकर बनवणाऱ्याला कधीच कळत नाही. गाडीचे तसे नसते. एका नमुन्याच्या हजारो गाड्यांत काच तीच, आसन तेच आणि श्रोत्याच्या डोक्याची जागाही जवळजवळ तीच. मग गाडी आकार घेत असतानाच तिच्यासाठी ध्वनी का आखू नये? जनरल मोटर्सबरोबर काही वर्षे काम करून त्यांनी ही यंत्रणा सिद्ध केली. १९८३ च्या कॅडिलॅक, ब्यूक आणि ओल्ड्समोबिल या नावांच्या काही मोटारींत ती कारखान्यातूनच बसवून येऊ लागली. चार स्पीकर, प्रत्येकाला त्याच्या जागेनुसार घडवलेली पेटी आणि प्रत्येकाला स्वतंत्र अॅम्प्लिफायर. कारखान्यात बसवलेली नामांकित ध्वनियंत्रणा आज मोटारींच्या जाहिरातीत ठळकपणे मिरवते. त्या प्रथेची एक मोठी पायवाट या प्रयोगातून गेली.

गाडी पसंत करायला जाणाऱ्या कुटुंबालाही यातून काही घेण्यासारखे आहे. स्पीकर किती आणि वॅट किती, हे विचारण्यापूर्वी घरातील सर्वांच्या परिचयाचे एक गाणे बरोबर न्यावे. ते गाडी उभी असताना ऐकावे आणि चालत असतानाही ऐकावे. चालकाच्या आसनावरून ऐकावे, तसेच आजी जेथे बसणार त्या मागच्या आसनावरूनही ऐकावे. शब्द स्पष्ट कळतात का, तबल्याचा बायां घुमतो की नुसता दाराचा पत्रा थरथरतो, हे कान लगेच सांगतो. आवाज किती ठेवावा यालाही मर्यादा आहे. प्रौढ व्यक्तीसाठी ८० डेसिबलचा ध्वनी आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आवाज त्याहून वाढला की हे तास झपाट्याने घटतात.

खड्डा नावाची लहर

गाडीतील संगीत सुधारल्यावर बोस गाडीकडेच वळले. खरे तर हा शोध १९८० मध्येच सुरू झाला होता. खड्ड्यांचा धक्का आत पोहोचू न देणारी आणि तरीही वळणावर न कलणारी गाडी शक्य आहे का, हा प्रश्न त्यांनी आधी गणिताने तपासला. स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर यांच्या जोडीत एक कायमची तडजोड असते : गाडी मऊ केली तर ती डुलते, कडक केली तर आपटते.

त्यांना सापडलेली वाट लाउडस्पीकरच्या जवळून जाणारी होती. लाउडस्पीकरमध्ये चुंबकाच्या क्षेत्रात तारेचे वेटोळे असते. त्यातून वीज वाहिली की ते मागेपुढे सरकते आणि हवा हलवते. बोस यांनी प्रत्येक चाकापाशी अशीच सरळ रेषेत सरकणारी विद्युत मोटार बसवली आणि तिला अॅम्प्लिफायरची जोड दिली. चाक खड्ड्यात उतरताच मोटार लांबते, उंचवटा येताच आखडते, आणि आतले प्रवासी स्थिर राहतात. रस्त्याचा चढउतार ही जणू एक लहर आणि तिला उत्तर देणारी दुसरी लहर.

२००४ मध्ये, चोवीस वर्षांच्या कामानंतर, ही यंत्रणा जगापुढे आली. तिच्या प्रात्यक्षिकात एक जड लेक्सस गाडी अडथळ्यावरून चक्क उडी मारून गेली. पाहणारे थक्क झाले. तरीही यंत्रणा वजनदार आणि महाग होती. कोणत्याही मोटार कंपनीने ती विक्रीच्या गाडीत घेतली नाही. त्या ज्ञानातून २०१० मध्ये मालमोटारींच्या चालकांसाठी धक्के शोषणारे आसन मात्र तयार झाले. दिवसभर हादरे सोसणाऱ्या पाठीसाठी ते होते.

नफ्याचे काय करावे?

चोवीस वर्षे एका कल्पनेवर खर्च करण्याची मुभा कोणत्या उद्योगाला असते? बोस यांचे उत्तर त्यांच्या वहीखात्यात होते. त्यांनी कंपनीचे समभाग कधीही बाजारात आणले नाहीत. नफा संशोधनात परत घातला. दुसऱ्याच्या कंपनीत असतो तर अनेकदा कामावरून काढले गेलो असतो, अशा आशयाचे उद्गार ते काढत. पैसा मिळवण्यासाठी आपण धंद्यात आलो नाही, पूर्वी कोणी न केलेले काम करता यावे म्हणून आलो, असे त्यांचे म्हणणे होते. उद्योग वाढला तरी वर्ग सुटला नाही. २००१ पर्यंत ते एमआयटीत शिकवत राहिले.

२०११ मध्ये त्यांनी कंपनीचे बहुसंख्य समभाग एमआयटीला दान दिले. अट अशी, की संस्थेने लाभांश घ्यावा आणि तो शिक्षण व संशोधनासाठी वापरावा; समभाग विकू नयेत आणि कारभारात भाग घेऊ नये. मालकी हातची गेली, पण कामाची दिशा सुरक्षित राहिली. १२ जुलै २०१३ रोजी त्यांचे निधन झाले.

रस्त्यावर न आलेल्या त्या यंत्रणेचा खर्च कोणी तोट्याच्या बाजूला लिहील. ज्या घरात बंद पडलेल्या व्यापाराच्या दिवसांत तेरा वर्षांचा मुलगा लोकांचे मुके झालेले रेडिओ बोलते करीत बसला होता, त्या घराचा हिशेब कदाचित वेगळा झाला असता.