आतले मागचे चाक

दिल्लीहून चेन्नईकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, वर्धा आणि बल्लारशा यांच्या दरम्यान, माजरी जंक्शन लागते आणि तेथून एक फाटा वणीकडे वळतो. कोळशाने भरलेल्या वाघिणी अशा वळणावरून जाताना ज्या अडचणीतून निभावून निघतात, ती अडचण यंत्रशास्त्राच्या दृष्टीने मोठी मनोज्ञ आहे. वाघिणीच्या खालची दोन चाके एकाच पोलादी आसावर घट्ट दाबून बसवलेली असतात. एकाने जितके फेरे घ्यावेत तितकेच दुसऱ्याने घेणे भाग असते. वळणावर मात्र बाहेरचा रूळ आतल्या रुळाहून लांब. हा तंटा रेल्वेच्या अभियंत्यांनी चाकाच्या घडणीतच मिटवला: रुळावर टेकणारा पृष्ठभाग सपाट न ठेवता त्याला २० स १ या प्रमाणात उतार दिला, जेणेकरून वळणावर आस किंचित बाहेर सरकताच बाहेरचे चाक आपल्या मोठ्या व्यासावर आणि आतले लहान व्यासावर फिरू लागावे. आपल्याकडच्या बंडीला ही विवंचनाच नाही, कारण तिची चाके आसाभोवती स्वतंत्रपणे फिरतात. मोटारीत आणि खाणीतल्या अवजड डंपरमध्ये दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देण्याचे काम डिफरन्शिअल करते.

शर्यतीची कार्ट या सर्वांहून निराळी. तिला उताराची चाके नाहीत, डिफरन्शिअल नाही आणि स्प्रिंगही नाहीत. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स याने पोलादी नळ्यांच्या चौकटीवर गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन बसवून पहिली कार्ट सिद्ध केली. आजची शर्यतीची कार्ट वेगाने कितीतरी पुढे गेली असली तरी तिची मूळ रचना तीच आहे. मागची दोन्ही चाके एकाच पोकळ आसावर जखडलेली; दोन टायरांच्या मध्यांतले अंतर सुमारे १२० सेंटीमीटर. काटकोनी वळण घेताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जवळजवळ १.९ मीटर अधिक चालावे लागते, आणि नवलाची गोष्ट ही की वळण लहान असो वा मोठे, हा फरक तेवढाच राहतो. दोन्ही चाके जमिनीवर राहिली तर त्यांपैकी एकाने घसटत जाणे अटळ. त्या घसटण्यात वेग जातो आणि गाडी वळण्याऐवजी सरळ रेटत राहते. यावर उपाय एकच: वळणाच्या ऐन मध्यावर आतले मागचे चाक क्षणभर जमिनीवरून उचलले गेले पाहिजे.

ही उचल कार्टच्या पुढच्या भागातून येते. पुढची चाके ज्या किंगपिनभोवती वळतात ती मागे कललेली असते. चालकाने स्टिअरिंग डावीकडे फिरवले की डावे पुढचे चाक चौकटीच्या मानाने खाली दाबले जाते आणि उजवे वर जाते. त्यामुळे आतले पुढचे आणि बाहेरचे मागचे या कर्णावर वजन येऊन आतले मागचे चाक हलके होते. वळणाच्या वेगाने वजन बाहेर झुकते, चौकट पीळ घेते आणि ते चाक अधांतरी होते. वळण संपता संपता चौकट उलगडते आणि चाक पुन्हा टेकते. म्हणजे ३० किंवा ३२ मिलिमीटर व्यासाच्या नळ्यांची ही चौकट हीच या गाडीची स्प्रिंग होय. चौकट जितकी भक्कम तितकी गाडी उत्तम, ही समजूत पुलाच्या बाबतीत योग्य असेल; कार्टच्या बाबतीत ती घातक ठरते. स्वतःच्या हाताने नळ्या जोडून कार्ट उभी करणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी ही गोष्ट अन्य कशाहीपेक्षा आधी ध्यानात घ्यावी, असे मला कळकळीने वाटते, कारण एक अनावश्यक आडवी नळी सारी मेहनत वाया घालवू शकते.

आता नवा टायर आणि त्याची पकड. १६९९ साली आमोंताँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने घर्षणाचा नियम मांडला: घर्षण भाराच्या प्रमाणात वाढते. रबर मात्र या नियमाचा अंमल पुरतेपणी मानत नाही. रबराची पकड दोन वाटांनी येते. एक तर त्याचे रेणू डांबरी पृष्ठभागाला क्षणभर चिकटतात, आणि दुसरे म्हणजे खडीच्या बारीक उंचवट्यांवर दबलेले रबर पूर्ववत होण्यास विलंब लावते व त्या विलंबातून रोध उत्पन्न होतो. भार दुप्पट केला तर पकड वाढते, परंतु दुप्पट होत नाही. मऊ रबराच्या गुळगुळीत नव्या टायरवर आरंभी साच्यातली चमक असते. काही फेऱ्यांत ती पुसली जाऊन पृष्ठभाग मंद, बारीक दाणेदार काळा होतो, आणि पकड खऱ्या अर्थाने तेव्हा लाभते.

पकड वाढली म्हणजे गाडी आपोआप वेगवान होईल, असा हिशेब कोणीही करील. प्रत्यक्षात पुष्कळदा उलट घडते. पकडीबरोबर वळणातला वेग वाढतो, त्या वेगाने बाहेर झुकणारे वजन वाढते, आणि जुन्या टायरांवर नेमके हवे तेवढे उचलले जाणारे आतले चाक आता फार उंच आणि फार वेळ अधांतरी राहते. बाहेरच्या एका टायरवर सारा बोजा पडतो, चौकट आपल्या मर्यादेपलीकडे पीळ घेते, गाडी उड्या मारू लागते किंवा डांबराला जणू खिळून बसते, आणि बिचाऱ्या इंजिनाचे फेरे उतरतात. मेकॅनिकला अशा वेळी पकड कमी करण्याची नव्हे, तर ती पेलण्याची तजवीज करावी लागते. सीट काही मिलिमीटर खाली बसवली की गुरुत्वमध्य उतरतो आणि बाहेर जाणारे वजन घटते. मागच्या हबचे, म्हणजे चाके आसाला जोडणाऱ्या भागांचे, बोल्ट सैल करून दोन्ही हब आसावर पाच-पाच मिलिमीटर बाहेर सरकवले की पाया रुंदावतो आणि तोच परिणाम साधतो. मात्र कार्टची एकूण रुंदी १४० सेंटीमीटरच्या पलीकडे नेण्यास आंतरराष्ट्रीय नियमांची मुभा नाही. किंगपिनचा कल कमी केला की उचल मंदावते. पावसात वा धुळकट ट्रॅकवर, जिथे पकडच अपुरी, तिथे हेच सारे उलट्या दिशेने करायचे: सीट वर, पाया अरुंद, कल अधिक.

हवेचा प्रश्न आपल्या भागात विशेष जिकिरीचा. कार्टच्या टायरात साधारणतः १० ते १४ पौंड हवा ठेवण्याचा शिरस्ता आहे. चंद्रपूरकडच्या मे महिन्यात पहाटे २८ अंश तापमानात १२ पौंड भरून ठेवलेला टायर दुपारी ४५ अंशांत, एक फेराही न मारता, साडेतेरा पौंडांवर जातो. वायूच्या नियमाने हा आकडा कोणालाही काढता येईल. मग शर्यतीत रबर तापून ८० अंशांवर पोहोचले की दाब आणखी चढतो, टायरचा मध्य फुगतो, जमिनीला टेकणारा पट्टा आक्रसतो आणि हातची पकड निसटते. म्हणून हवा तपासायची ती शर्यतीच्या तोंडावर, सावलीत, आणि तापल्यानंतर ती किती होईल याचा अंदाज बांधून. कडक रबराचे डंपरचे टायर खाणीच्या रस्त्यावर तापून निकामी होऊ नयेत म्हणून त्यांचा बोजा आणि वेग यांवर मर्यादा घालतात; त्यामागेही रबराच्या तापण्याचाच प्रश्न आहे.

महाराष्ट्रात या विद्येचे ठिकाण म्हणजे कोल्हापूर. तेथील मोहिते रेसिंगच्या ट्रॅकवर राष्ट्रीय रोटॅक्स मॅक्स कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत, आणि कोल्हापूरचाच कृष्णराज महाडिक २०१८ साली ब्रिटिश फॉर्म्युला थ्री मालिकेत उतरला. रोटॅक्सच्या स्पर्धेत १२५ सीसीचे इंजिन मोहोरबंद असते; ते उघडून त्यात फेरफार करण्याची सोय नाही, आणि टायरही सर्वांना एकाच जातीचे. अशा समान सामग्रीवर जो फरक पडतो तो चालकाचा आणि चौकटीच्या जुळणीचा. पैशाच्या बळावर इंजिनाची ताकद वाढवण्याची वाट जिथे बंद होते तिथे विचाराला आणि हाताच्या कसबाला किंमत येते, आणि या खेळाचा हा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो.

ही जुळणी एकदा साधली म्हणजे कायमची झाली असेही नाही. टायर तापून थंड झाला की रबर थोडे कडक होते; पुढच्या तापण्यात आणखी थोडे. ज्या मापांवर नवे टायर उत्कृष्ट चालले त्याच मापांवर काही शर्यतींनंतर चाक उचलले जात नाही आणि गाडी पुन्हा सरळ रेटू लागते. तेव्हा हब परत आत घ्यावे लागतात, सीट वर चढवावी लागते. जाणता मेकॅनिक म्हणून प्रत्येक टायरच्या जोडीची वेगळी नोंद ठेवतो: किती फेऱ्या झाल्या, थंड हवा किती, तापल्यावर किती, हब कोणत्या मापावर, आणि गाडी परत आल्यावर सर्वप्रथम बाहेरच्या मागच्या टायरच्या आतल्या व बाहेरच्या कडेवर हात फिरवून तो कोठे अधिक झिजला ते पाहतो.