घड्याळजीच्या लेथची गतिनिवड
घड्याळजीच्या लेथची गतिनिवड : घड्याळाचे बारीक भाग कातण्याच्या छोट्या लेथच्या तर्कूस कामाचा व्यास, धातू व हत्यार यांना अनुरूप वेग मिळावा म्हणून करावयाची चलित्र व कप्प्या यांची योजना. या प्रकारच्या लेथमध्ये काम सामान्यतः ८ मिमी. जाडीच्या कॉलेटमध्ये धरतात व कोरणी टेकूवर ठेवून हाताने चालवितात.

कामाचा पृष्ठभाग हत्याराच्या धारेवरून ज्या वेगाने सरकतो त्यास कर्तन वेग म्हणतात. तो मीटर/मिनिट व व्यास मिमी. मध्ये घेतल्यास,

तर्कूचे दर मिनिटाचे फेरे = (१,००० × कर्तन वेग) ÷ (३.१४ × व्यास).

पितळासाठी कर्तन वेग ३० धरल्यास १० मिमी. व्यासाला सु. ९५५ फेरे, तर कठीण पोलादासाठी ८ धरल्यास २ मिमी. व्यासाला सु. १,२७५ फेरे येतात. तोलचक्राच्या आसाचे टोक सु. ०·१ मिमी. जाडीचे असते. त्यासाठी हेच सूत्र २५,००० हून अधिक फेरे दाखविते. इतका वेग या लेथला मिळत नाही व त्याची गरजही नसते. तेथे धारदार कोरणी, हलका दाब व हाताचा ताबा यांना अधिक महत्त्व असते. म्हणून सूत्र ही वरची मर्यादा समजावी.

मोठ्या व्यासाच्या पोलादावर वेग अवाजवी वाढविल्यास धार बोथट होते. बोथट धार कापण्याऐवजी घासते व पृष्ठभाग तापतो. कठीण केल्यानंतर सु. ३००° से. पर्यंत तापवून निळसर व चिवट केलेले पोलाद याहून अधिक तापल्यास मऊ पडते. अशा आसाची टोके लवकर झिजतात. कॉलेटच्या मागे लांब तार बाहेर राहिल्यास ती अतिवेगाने वाकून फटकारते व इजा करते.

शिवणयंत्रासारख्या लहान चलित्राचा वेग पायाखालील रोधकाने बदलता येतो. परंतु भार येताच तो घटतो व मंद गतीला जोर कमी पडतो. चलित्रावर २० मिमी. व चालित दंडावर ६० मिमी. व्यासाची कप्पी बसविल्यास वेग एकतृतीयांश होतो आणि घर्षण सोडल्यास पीडन परिबल तिप्पट होते. पन्नास हर्ट्‌झ पुरवठ्यावरील चार ध्रुवांच्या प्रवर्तन चलित्राचा वेग १,५०० फेऱ्यांहून किंचित कमी असतो. तो पायरीच्या कप्प्यांनी बदलतात. इलेक्ट्रॉनीय नियंत्रणाचे एकदिश चलित्र भार बदलला तरी मंद वेग बव्हंशी स्थिर राखते. यास्तव चलित्र निवडताना कमाल वेगापेक्षा मंद वेगाला मिळणारा जोर प्रथम पाहतात.